नानांचा दम

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. बँडच्या आठवणी निघाल्या की डिस्कोपाशी येऊन मी विषय बदलायचो. आता खरं काय ते लिहून ठेवतो.

ऐंशीनंतरची वर्षं. जळगावात माझा लग्नाचा बँड होता. डिस्कोची लाट अशी, की नवरदेव घोड्यावर बसायच्या आधीच पोरं विचारायची, "भाऊ, ऑर्गन आणला ना?" मी मुंबईहून इलेक्ट्रिक ऑर्गन आणला. तो हातगाडीवर, खाली बॅटरी, वर दोन भोंगे. मी बोट ठेवलं की फैजपूरपासून धुळ्यापर्यंत पोरं धुळीत लोळण घ्यायची. काय दिवस होते! आमचे क्लॅरिनेटवाले नाना मात्र गाडीमागून नुसते चालायचे.

धुळ्याच्या एका वरातीत भर चौकात बॅटरी उतरली. ऑर्गन मुका. पोरं ओरडायला लागली. नाना पुढे आले.

"भाऊ, तुना डबा बंद पडना. मी वाजाडस."

"नाना, हे डिस्को आहे. एवढा दम आहे का?"

"शे का नही, ते आते देख."

आणि त्यांनी तेच गाणं क्लॅरिनेटवर उचललं. ताशेवाला चेकाळला. पोरंच काय, नवरदेवाच्या आत्याही नाचल्या. माझ्याही अंगावर काटा आला. पण पोरांनी नानांना खांद्यावर घेतलं, तेव्हा मी जळलो.

पुढच्या आठवड्यात जिथे बँडवाले जमतात त्या चहाच्या टपरीवर मी म्हणालो, "नानांचा दम गेलाय. आता जमत नाही त्यांना." एवढंच. वाजवणाऱ्याबद्दल एवढं पुरतं. मी बोलावलं नाही, दुसऱ्यांनीही नाही. नाना पाचोऱ्याला लेकीकडे गेले.

मग डिस्को ओसरला. नव्वदच्या आसपास सिनेमात पुन्हा गोड चालींची गाणी आली आणि वधूपिते सांगू लागले, "तो धिंगाणा नको, क्लॅरिनेट पाहिजे." मी लग्नाची सुपारी घेऊन पाचोरा गाठला. मनात माफीचं वाक्य तयार होतं.

नाना दारातच बसले होते. म्हणाले, "लोके म्हंतस, मना दम गया. कोनी सांगं रे भाऊ?"

मी म्हणालो, "लोकांचं काय नाना, काहीही बोलतात."

ते हसले, आत जाऊन क्लॅरिनेट घेऊन आले. त्यानंतर पाच हंगाम त्यांनी असं वाजवलं, की अमळनेरच्या वरातीत म्हातारेकोतारेही रस्त्यावर थांबून ऐकायचे. प्रत्येक वरातीनंतर आम्ही एकाच टेम्पोत शेजारी बसून घरी यायचो. रस्ता लांब असायचा, नाना जागे असायचे. मला एवढंच म्हणायचं होतं: नाना, ते मीच बोललो होतो, आणि खोटं बोललो होतो. मला माफ करा.

ते गेले तोवर मी हे म्हणालो नाही.