राजपुत्राचं पाऊल

आमचे बाबा गवंडी. त्यातही चुन्याचे. सिमेंटचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. घराची मागची भिंत आईने त्यांच्या नकळत सिमेंटने बांधून घेतली, तर स्वारी सहा वर्षं त्या भिंतीला टेकून बसली नाही.

आमचं गाव एकेकाळची राजधानी. इथे घरासाठी पाया खणायला जावं, तर कुठल्यातरी राजाचा हौद निघतो. गेल्या वर्षी जुन्या दरबाराची कमान खचली आणि दुरुस्तीसाठी पुरातत्त्व खात्याने कारागीर बोलावले. बाबांचा जीव त्या कामात अडकलेला. ठेवणीतला सदरा घालून गेले. साहेबांनी प्रमाणपत्र मागितलं, ते यांच्याकडे कुठलं असणार? मग साहेबांनी त्यांना कमानीखालचा ओटा दाखवला. भोवती दोरी, बाजूला पाटी: 'राजपुत्राचं पाऊल, अंदाजे चारशे वर्षं जुनं'. म्हणाले, असं काम करणारे हात आता राहिले नाहीत.

तो ओटा बाबांनीच केलेला, खातं इथे यायच्या आधी, मी पाच वर्षांची असताना. पाऊल माझं. ओल्या चुन्यात पाय दिला म्हणून पाठीत धपाटाही खाल्ला होता.

"मग सांगितलंत ना त्यांना?" मी विचारलं. कसलं काय. साहेब एवढं कौतुक करत होते, मध्येच तोंड घालणं बरं दिसेना म्हणे. हातचं काम गेलं आणि हा माणूस गालातल्या गालात हसत जेवतोय. माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना ओढतच तिथे नेलं. साहेबांसमोर दोरी ओलांडली, चप्पल काढली आणि ठशाशेजारी पाय ठेवला. माझं दुसरं बोट जन्मापासून अंगठ्यावर चढलेलं आहे. राजपुत्राचंही तसंच. साहेब वाकले, ठसा बघितला, माझा पाय बघितला आणि शिपायाकडे पाणी मागितलं. मग हळूच बाबांना म्हणाले, काम तुमचंच, पण पाटी तेवढी राहू द्या, लोक लांबून बघायला येतात.

"मग काम नको," बाबा म्हणाले. "राजपुत्र कसला? माझी पोर आहे ती."

साहेबांनी बराच वेळ डोकं खाजवलं. शेवटी पाटी निघाली आणि कामही बाबांनाच मिळालं.

घरी येताना मी विचारलं, एवढा धपाटा घातलात, मग ठसा तेव्हाच का नाही पुसलात?

"चुना वाळला होता," ते म्हणाले.

चुना वाळायला आठ दिवस लागतात. मला त्यांनीच शिकवलंय.