नऊ नंबरच्या गाळ्यावरचा वॉचमन

भिवंडीच्या निजामपुऱ्यात, मागाचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाच्या वर माझी खोली होती. दोन कॉम्प्युटर, एक यूपीएस आणि दारावर ‘वेबसाइट बनवून मिळेल’ अशी पाटी. दोन हजार सालानंतरची ती मधली वर्षं. ज्यांनी कधी माउसला हात लावला नव्हता, अशा व्यापाऱ्यांनाही तेव्हा साइट हवी असायची, कारण शेजारच्याने केलेली असायची. साइट बनवणं सोपं होतं. ती सर्चमध्ये वर आणणं हे खरं काम, आणि ते मी इंग्रजी फोरमवर अनोळखी लोकांचं वाचून वाचून शिकले.

माझं एक गिऱ्हाईक जवळच्या कोन गावचं होतं. वडिलांच्या वेळेपर्यंत भातशेती आणि खाडीतली मासळी. मग वळ गावातल्या जमिनीवर यांनी गोडाऊनचे नऊ गाळे बांधले. मी त्यांना दादा म्हणायची, ते मला बाय.

“बाय, मुंबयवाल्यानं गोडाऊन शोदलं तं माझाच पयला दिसला पायजे,” ते म्हणाले. “बाजूवाल्याचा न्हाय.”

त्या काळी सगळेच वापरायचे ती एक युक्ती होती. पानाच्या तळाशी पांढऱ्या रंगावर पांढऱ्याच अक्षरांत शब्द भरायचे. माणसाला कोरी जागा दिसते, सर्चच्या यंत्राला शब्द दिसतात. मीही भिवंडी, वळ, कोन, गोडाऊन, गाळा, भाड्याने, असं भरून टाकलं. काही महिने दादा खूश होते. मग फोरमवर लोक म्हणायला लागले की यंत्र आता नुसत्या याद्या ओळखून बाजूला टाकतं, त्याला पुरी वाक्यं लागतात.

म्हणून एका दुपारी मी वाक्यं लिहायला बसले. गोडाऊनबद्दल लिहून लिहून किती लिहिणार? चार ओळींतच सुचेनासं झालं, तेव्हा मी एक माणूस रचला. “वळच्या गोडाऊनमध्ये नऊ नंबरच्या गाळ्यावरचा वॉचमन डावखुरा आहे. त्याच्या मानेवर भाजल्याचा डाग आहे. दुपारी तो दाराशी बसून गुणगुणतो.” मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पांढऱ्यावर पांढरं. कुणी वाचणार नाही याची इतकी खात्री होती की मी शुद्धलेखनही तपासलं नाही.

साइटवर कोण आलं, काय शोधून आलं, हे तेव्हा काउंटरच्या पानावर अक्षरन् अक्षर दिसायचं. रोज सकाळी मी ते बघायची. बहुतेक तेच तेच: गोडाऊन भिवंडी, गाळा भाड्याने. एका सकाळी त्यात एक ओळ होती: ‘भिवंडी वॉचमन बायां हाथ’. रोमन लिपीतली हिंदी. मला हसू आलं. म्हटलं, मासा गळाला लागला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा: ‘वॉचमन गर्दन जला हुआ’. तिसऱ्या दिवशी: ‘नौ नंबर गाला वॉचमन नाम’. रोज दुपारी दोनच्या सुमारास, रोज उत्तरेकडच्या त्याच एका लहान शहरातून. मी हसायची थांबले.

मग एक ओळ आली: ‘वॉचमन बचपन में गुड़ की कढ़ाई से जला गर्दन’.

गुळाच्या कढईचं मी काहीही लिहिलं नव्हतं. मी सगळा मजकूर काढून वाचला, एकेक शब्द. डाग कशाने पडला हे कुठेच नव्हतं. मी रचलेल्या माणसाला लहानपण होतं, आणि ते दुसऱ्याच कुणाला तरी माहीत होतं.

त्या दुपारी वीज गेली. वीज गेली की गल्लीतले सगळे माग एकदम थांबतात, आणि ज्या आवाजाची आपल्याला सवय झालेली असते तो नसला की कान दुखायला लागतात. यूपीएसवर पडदा तेवढा चालू होता. सवयीने मी पान पुन्हा उघडलं. ताजी ओळ होती: ‘वॉचमन जिंदा है क्या’.

मी स्क्रीन बंद केली आणि खाली दुकानात जाऊन उभी राहिले. काम काहीच नव्हतं. माणसांत उभं राहायचं होतं, एवढंच.

संध्याकाळी दादांना फोन लावला. नऊ नंबरवर कुणी वॉचमन आहे का?

“आता न्हाय,” दादा म्हणाले. “व्हता एक. आधी लूमवर व्हता, मंग माझ्याकडं आला. चार म्हैने ऱ्हायला. एक दिस दुपारचा गेला, कपडे दोरीवर तसेच. का गं?”

“डावखुरा होता?”

“त्ये कोन बगतंय, बाय.”

घरी जाऊन मी साइटसाठी मीच काढलेले गाळ्यांचे जुने फोटो उघडले. वापरलेले सहा, न वापरलेले चाळीस. न वापरलेल्यांतल्या एकात, नऊ नंबरच्या शटरपाशी, लाकडी खोक्यावर एक माणूस बसला होता. तोंड पलीकडे वळवलेलं. चहाचा ग्लास डाव्या हातात. मानेवर, सदऱ्याच्या कॉलरच्या वर, गडद काहीतरी. सावली असेल, डागही असेल.

म्हणजे मी त्याला रचलं नव्हतं. पाहिलं होतं आणि विसरले होते. याने धीर यायला हवा होता. उलट मी तो फोटो घाईने बंद केला, कारण तो गुणगुणत होता हे फोटोत दिसत नव्हतं, तरी ते मला माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात साइटवरच्या नंबरवर फोन आला. तो नंबर माझाच होता, दादांना इंग्रजी फोन नको असायचे म्हणून. बाईचा आवाज, शांत, शिक्षिकेसारखा.

“आप ही लिखती हैं ना?” तिने विचारलं. “बाहर लिखा दिखता है, अंदर जाओ तो कुछ नहीं। मेरा भाई है वो, मैं रोज देखती हूँ। पन्ना सफ़ेद हो जाता है।”

सर्चच्या यादीत माझी वाक्यं तिला दिसत होती. पान उघडलं की नाहीशी होत होती. दोन-तीन आठवडे ती रोज शाळेत शिकवून झाल्यावर सायबर कॅफेत जाऊन भावाला बघत होती, आणि रोज तो दारातून आत गेल्यासारखा गायब होत होता. याचा विचार मी केलाच नव्हता.

मी तिला खरं सांगितलं, पांढऱ्या अक्षरांचं सगळं. तिने गोडाऊनचा पत्ता लिहून घेतला. मग म्हणाली, “मैं आती हूँ।”

ती आली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, हातात कापडी पिशवी. दादांनी आपली जीप काढली आणि आम्हाला वळला नेलं. भर दुपार होती. नऊ नंबरचं शटर बंद, त्यापुढे ते खोकं अजून पडलेलं. शेजारच्या गाळ्यातल्या हमालांना विचारलं. एकाला तो आठवत होता. गेला, म्हणाला, कुणाशी भांडण नाही, काही नाही. बाई खोक्यावर बसली. आम्ही दोघं दूर उभे राहिलो. दादांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

मी तिला फोटोची छापील प्रत दिली. तिने ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली.

“चेहरा तो है नहीं,” ती म्हणाली. “पर हाथ उसी का है।”

मी म्हटलं, ती वाक्यं मी आजच काढून टाकते. तिने माझं मनगट धरलं. “मत हटाइए। दिखने दीजिए।”

हे मी दादांना समजावलं. ते जरा घुटमळले. गोडाऊनच्या साइटवर हरवलेला माणूस, लोक काय म्हणतील? मग म्हणाले, “ऱ्हाऊ दे. आपल्या दारातून गेलाय तो.” मी अक्षरं काळी केली. बाईने सांगितलेलं वर्णन, कढई, वय, लूमवरचं काम, सगळं तिच्या शब्दांत लिहिलं आणि शेजारी तो फोटो टाकला. त्यानंतर कुठल्याही साइटवर मी एकही लपवलेला शब्द ठेवला नाही. यात माझी काही गिऱ्हाइकं गेली.

पुढे काउंटरच्या पानावर नव्या नव्या ओळी यायला लागल्या. वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या माणसांसाठी: भिवंडी लूम कारीगर लंगड़ा, भिवंडी ड्राइवर कान में बाली. मी कुणालाच उत्तर देऊ शकत नव्हते. वाचत मात्र होते.

वर्षभराने एका दुपारी फोन आला. पुरुषाचा आवाज, मागे ट्रकचा हॉर्न.

“वो पन्ने पर जो लिखा है,” तो म्हणाला, “वो आपको किसने बताया?”

मी विचारलं, आप कौन? पलीकडे पुन्हा हॉर्न वाजला. मग फोन ठेवला गेला. मी त्या नंबरवर उलट फोन केला, तर तो कुठल्याशा महामार्गावरचा पीसीओ निघाला. पीसीओवाला म्हणाला, इथे दिवसभर किती तरी लोक येतात, बाई.

मी लगेच वॉचमनच्या बहिणीला कळवलं. ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, आवाज कसा होता? मी सांगायला लागले आणि मला काही केल्या तो आठवेना. ती पलीकडे थांबून राहिली, शाळेतली पोरं ओरडताना ऐकू येत होती, आणि मी म्हणाले, “ठीक था। ठीक लग रहा था।”