सूट आहे, कॅमेरा नाही!

पुढे लिहितोय ते सगळं असंच घडलं होतं का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. साल-महिने तर माझ्या डोक्यात कधीच नीट बसले नाहीत. माझी मुलगी म्हणते, "बाबा, तुमच्या किश्शातला कुकर दर वेळी एका लिटरनं मोठा होतो!" असेलही.

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. दोन-तीन माणसं रोज चारच्या चहाला एकत्र बसतात, एक गोष्ट करायची ठरवतात, ती होत नाही, आणि प्रत्येक न होण्याचा एक किस्सा होतो. गोष्ट पहिल्या झटक्यात झाली असती तर सांगायला काय उरलं असतं? आमच्याकडे एवढे किस्से साठले त्याला कारण मीच, असं मला अजूनही वाटतं.

सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. मी तुमसरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. गभणे सर प्राणिशास्त्र शिकवायचे. तिसरे लांजेवार शेठ, राईस मिलवाले. त्यांचा शिक्षणाशी संबंध एवढाच, की कॉलेजसमोरच्या टपरीवरचा चहा त्यांना घरच्यापेक्षा आवडायचा.

गभणे सरांची सासुरवाडी साकोलीकडची एकोडी. तिथल्या तलावाला लागून असलेल्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, दर पावसाळ्यात सारसांची एक जोडी घरटं करते, हे त्यांनी हेरलं होतं. त्यांनी मुंबईच्या एका पक्षी-अभ्यास मंडळाला तसं कळवलं. उत्तर आलं: नोंद महत्त्वाची आहे, पण अंड्यांसह घरट्याचं छायाचित्र पाठवा, तरच छापता येईल. ते पत्र गभणे सर शर्टाच्या खिशात घेऊन फिरायचे. त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. माझ्याकडे होती, तीही प्रकाशशास्त्रातली. पण सारस त्यांच्याकडे होते!

* * *

पहिला प्रयत्न लांजेवार शेठच्या डबा कॅमेऱ्यानं झाला. तो त्यांना लग्नात आहेर म्हणून आला होता. गभणे सर काठावर उभे राहिले, पलीकडे सारस उभे राहिले, आणि खटका दाबला गेला.

फोटो धुऊन आला तो आम्ही एकोडीला नेऊन दादाजी नान्हेंना दाखवला. दादाजी तलावात मासेमारी करायचे. घरटं कुठं आहे, अंडी कधी घातली, पिल्लू कधी चाललं, हे सगळं खरं तर तेच सांगायचे. त्यांनी फोटो उजेडात धरला, तिरपा केला, पाठीमागून पाहिला.

"हा ठिपका कायचा जी?"

"दादाजी, तोच तर सारस," गभणे सर म्हणाले.

"कायचा सारस, सायेब! हा तं मच्छर हाय!"

मग ठरलं. लांब लेन्सचा चांगला कॅमेरा घ्यायचा.

* * *

इथे माझा प्रवेश होतो. गभणे सरांनी पैसे जमवले होते आणि ते दुसऱ्याच दिवशी नागपूरला निघाले होते. मी म्हणालो, "थांबा. दिवाळी जवळ आली आहे. दिवाळीत सूट असते."

सर थांबले. माझ्या नावामागे 'डॉक्टर' होतं ना!

ही बातमी एकोडीला पोचली. पुढच्या भेटीत दादाजींनी मला बाजूला घेतलं. "डॉक्टर सायेब, एक इचारू? कॅमेऱ्यावर सूट भेटून राहिला म्हणतेत, ते खरं का?"

"हो. दिवाळीत देतात."

"मंग गभणे सर तो सूट पेहरून पाण्यात उतरतीन का?"

* * *

पण सूट सुरू होताच जायचं नाही, असा माझा दुसरा सिद्धांत होता. शेवटच्या दिवशी दुकानदाराला माल संपवायचा असतो, म्हणून त्या दिवशी भाव आणखी पडतो. मी हे आलेख काढून समजावलं. आलेख चांगला होता.

शेवटच्या दिवशी आम्ही दोघं पहाटेच्या गाडीनं नागपूरला गेलो. दुकानावर कापडी फलक होता: 'दिवाळीनिमित्त भरघोस सूट'. काउंटरवरच्या माणसानं आमचं सगळं ऐकून घेतलं आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, सूट आहे. कॅमेरा नाही."

परतीच्या गाडीत मी तुमसर रोड स्टेशन येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होतो. गभणे सरांनी शेंगदाण्याची पुडी पुढे केली. "घ्या जी सर. दुकानातला माल खपला, म्हणजे तुमचा सिद्धांत बरोबरच ना!"

* * *

मग लांजेवार शेठ पुढे आले. ते मिलच्या कामानं आठवड्यातून एकदा नागपूरला जायचे. "नाताळात बी सेल लागते. तुम्ही मास्तर लोक राहू द्या. खरेदी हे व्यापाऱ्याचं काम हाय."

नाताळच्या आठवड्यात शेठ गेले. संध्याकाळी आम्ही स्टँडवर वाट पाहत उभे. शेठ उतरले. हातात मोठा खोका. गभणे सरांनी तो जवळजवळ हिसकावून घेतला.

आत कुकर होता.

"अहो शेठ, कॅमेरा?"

"कॅमेऱ्यावर सेल नव्हती. कुकरवर होती. मंग सोडून देऊ का?"

* * *

त्यानंतरचा पाडवाही मीच घालवला. त्या वर्षी लांबलेल्या बजेटमध्ये परदेशी मालावरचा कर उतरेल, असा माझा अंदाज होता. कर उतरला नाही. आणि पावसाळा आला, सारस आले, अंडी घातली, पिल्लू वाढलं, सारस गेले. गभणे सर बांधावर बसून वहीत चित्रं काढत राहिले. चित्रं सुंदर होती, पण मंडळाला चित्र नको होतं.

त्या वर्षी दसऱ्याला सरांनी गावातल्या एका स्टुडिओवाल्या भाऊंना गाठलं. कॅमेरा पाण्याजवळ न्यायला भाऊंनी साफ नकार दिला. "रानात चालतो. पण कॅमेरा माझ्याच हातात राहीन."

म्हणून सरावासाठी आम्ही आंबागडला गेलो, किल्ल्याखालच्या जंगलात. आदल्या दिवशी भाऊंनी रीतीप्रमाणे कॅमेऱ्याची पूजा केली होती. लेन्सच्या बरोबर मधोमध हळदीकुंकवाचं बोट! मी रुमाल काढला. भाऊंनी हात धरला.

"राहू द्या जी. फोटोत हे बोट दिसते का?"

मी तज्ज्ञ. खरं ते सांगितलं: "बोट असं दिसणार नाही. लेन्सवरचा डाग फोटोत उमटत नाही, फक्त चित्र थोडं धूसर येतं."

"दिसत नाही ना? मंग पुसता कायले?"

मी रुमाल घडी घालून खिशात ठेवला.

थोड्या वेळानं चितळांचा कळप दिसला. दहा-बारा असतील. वारा आमच्याकडे, उजेड उत्तम. भाऊंनी डोळा लावला आणि वीस वर्षांच्या लग्नांची सवय तोंडातून बाहेर पडली: "इकडं पाहा... रेडीऽऽ!"

चितळांनी खरोखरच इकडे पाहिलं! आणि उधळले.

फोटो धुऊन आला तो गभणे सरांनी उलटा करून टेबलावर ठेवला. भाऊ मात्र समाधानी होते. "पाठमोरे आले, पण ग्रुप पुरा आला!"

* * *

दुसरी दिवाळी. या वेळी सर मला न विचारता जाणार होते, पण मी स्वतः होऊन त्यांच्या घरी गेलो. नवीन मॉडेल येणार असल्याचं मी कुठेतरी वाचलं होतं. ते आलं की जुन्याचा भाव कोसळेल. थोडं थांबणं शहाणपणाचं.

गभणे वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "थांबा जी, थांबा. तुमचा कॅमेरा येईपर्यंत सारसाले नातवंडं होतीन. मंग सगळ्याईचा संगच काढजा!"

सर हसले. मीही हसलो. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण यांना मदत करतो आहोत की अडवतो आहोत, हा प्रश्न पहिल्यांदा तेव्हा पडला. पडला, आणि मी तो बाजूला सारला. नवीन मॉडेल अर्थातच आलं नाही.

* * *

तिसरा श्रावण. मुंबईहून मंडळाचं दुसरं पत्र आलं. भाषा सौम्य होती, अर्थ स्पष्ट होता: या हंगामात छायाचित्र मिळालं नाही तर नोंद फाईलमधून काढावी लागेल. त्याच आठवड्यात एकोडीहून दादाजींचा निरोप आला. "दोन अंडे हायेत. पाणी चढून राहिलं. या."

चहाच्या वेळी सरांनी पत्र टेबलावर ठेवलं. "काय करू, सर?"

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "दिवाळी फार लांब नाही. शिवाय या दमट हवेत लेन्सला बुरशी लागते. घाईत पूर्ण किंमत मोजणं... बघा, तुमच्यावर आहे."

"हाव सर," ते म्हणाले आणि चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची रिकामी होती. तिसऱ्या दिवशी ते आले ते डोक्यापासून पायापर्यंत भिजून. बगलेत खताच्या पिशवीच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला खोका. त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला, वर बिल ठेवलं. छापील किंमत. एक रुपयाही कमी नाही.

"तुमचं ऐकलं नाही जी. माफ करा," ते म्हणाले. "तुमचंच बरोबर होतं. थांबलो असतो तं फायदा झाला असता. पण अंडी थांबत नाहीत ना, सर."

लिहायला लाज वाटते, पण ते बिल पाहून मला बरं वाटलं. निदान हिशेब तरी माझा खरा ठरला होता.

दोन दिवसांनी दादाजींनी सरांना डोंग्यात, त्यांच्या लाकडी होडीत, बसवून गवताच्या आडोशानं नेलं. मी काठावर छत्री धरून उभा होतो. घरटं, दोन अंडी, वर वाकलेली मादी, मागे मान उंच केलेला नर. एवढा स्वच्छ फोटो, की मी भिंग लावूनही त्यात खोट काढू शकलो नाही. मंडळानं तो छापला, अर्ध्या पानावर, खाली गभणे सरांचं नाव. लांजेवार शेठनी अंक उलटसुलट करून पाहिला. "एवढंच? याच्यापेक्षा माझ्या मिलची जाहिरात मोठी येते!" आणि टपरीवरच्या सगळ्यांना स्वतःच्या खर्चानं पेढे वाटले.

पुढे मी निवृत्त होऊन नागपूरला आलो. गभणे सर जाऊनही तेव्हा काही वर्षं झाली होती. एका लग्नाच्या पंगतीत शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. बोलता बोलता कळलं, की ते त्याच कॅमेऱ्याच्या दुकानात काउंटरवर होते. मला राहवलं नाही. मी विचारलं, "खरं सांगा, कॅमेरा सगळ्यात स्वस्त कधी मिळायचा? दिवाळीत, की नाताळात?"

ते हसले. "दिवाळीत आम्ही आधी भाव चढवायचो, मग सूट लावायचो. खरा स्वस्त श्रावणात. पावसात गिऱ्हाईकच नसायचं, आलेला मागेल त्या भावात मालक देऊन टाकायचा. तुमसरचे एक मास्तर आले होते, भर पावसात, चिंब भिजून. सारसाचा फोटो काढायचा म्हणत होते. त्यांना दिला तेवढ्या कमी भावात पुन्हा कुणालाच कॅमेरा दिला नाही."

"श्रावणच होता ना? नीट आठवतंय तुम्हाला?" मी दोनदा विचारलं.

"न आठवायला काय झालं, साहेब! बिल त्यांनी हट्टानं पूर्ण छापील किमतीचं मागून घेतलं होतं. असं गिऱ्हाईक मी उभ्या जन्मात दुसरं पाहिलं नाही."