शेवटच्या संगणकापर्यंत पाणी

राग आला की माझी वर्गातली मराठी पळून जाते आणि घरची अहिराणी बाहेर येते. त्या शनिवारी तर ती सकाळी पावणेअकरालाच बाहेर आली.

लोणखेड्याच्या कॉलेजात मी संगणक शिकवते. आमच्या खोलीत वीस संगणक आहेत, सगळे दुसऱ्या विभागांनी टाकून दिलेले. प्राचार्यांना ती खोली वाचनकक्षासाठी हवी होती. मी अडून बसले, तेव्हा ते म्हणाले, "शनिवारी अकराला येतो. पोरांनी तयार केलेल्या सर्व्हरवरचं पान विसाच्या वीस संगणकांवर उघडून दाखवा. नाहीतर सोमवारी सगळं भंगारात."

हातात दोन आठवडे होते. ते दिवस आठवले की अजूनही मला एका जागी बसवत नाही! केबल कापायची, आतल्या आठ तारा रंगाच्या क्रमाने लावायच्या, टोकाला कनेक्टर दाबून बसवायचा. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा... पोरं हा पाढा बसमध्येसुद्धा म्हणायची. मग एका संगणकावरून दुसऱ्याला पहिलं 'पिंग' पाठवलं. वावराच्या या बांधावरून "ओ!" म्हणावं आणि त्या बांधावरून "ओ!" यावं, पिंग म्हणजे एवढंच. पण पडद्यावर उत्तराची पहिली ओळ उमटली आणि अख्खा वर्ग असा ओरडला की शेजारच्या वर्गातले सर काय झालं म्हणून बघायला आले. ओरडण्यात मीही होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

सगळ्यांची पानं एका जागी ठेवायला सर्व्हर हवा होता, म्हणून एका जुन्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली बसवली. ते काम केलं सारंगखेड्याहून येणाऱ्या एका मुलीने. घरची पपईची बाग, सकाळी ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवून मग बस पकडणारी. कोणाला काय उघडायची परवानगी, कोणाला नाही, हे तिने असं चोख लावलं की माझाच पासवर्ड तिने दोनदा नाकारला. प्रत्येकाने आपापल्या गावाचं पान केलं होतं. तिच्या पानावर यात्रेतल्या घोड्यांचे फोटो होते, मोठे आणि जड.

आणि पहिल्याच तासाला मी मोठ्या ऐटीत सांगून ठेवलं होतं, "डेटा म्हणजे पाणी, केबल म्हणजे नळी, आणि स्विच म्हणजे पाणी वाटणारी पेटी." माझ्या वडिलांचीही ब्राह्मणपुरीला पपई आहे. मला वाटलं, याहून सोपं काय असणार?

शनिवारी दहाला वीसही संगणक चालू होते. मी चहा घ्यायला गेले. परत येऊन बघते तर एकही पान उघडेना. पिंगला उत्तर नाही. एकापुढे एक जोडलेल्या तिन्ही स्विचवरचे दिवे तव्यावरच्या मोहरीसारखे तडतडत होते. मी सर्व्हर बंद करून चालू केला. तसंच. केबली हलवून पाहिल्या. तसंच. घड्याळात पावणेअकरा.

"कोणी काय करं आठे?" मी कडाडले. "सांगा, नही ते एकेकले दखाडस!"

सारंगखेड्याची मुलगी पुढे आली. तोंड पांढरं पडलेलं.

"मॅडम, शेवटना तीन कम्प्युटरवर फोटो हळू येत व्हतात. म्हणीसन मी शेवटना स्विचमाईन एक केबल पाठी आणीसन पहिला स्विचले जोडी दिधी. आमना वावरमा असंच करतस."

खरंच असंच करतात. ठिबकची मोठी नळी शेवटच्या ओळीवरून फिरवून परत सुरुवातीला जोडली की दोन्हीकडून पाणी येतं आणि टोकाच्या झाडालाही जोर मिळतो. माझ्या वडिलांनीही तसंच केलंय. पोरीने माझंच शिकवणं प्रामाणिकपणे पुढे नेलं होतं, आणि मी तिच्यावर ओरडत होते. मला माझीच लाज वाटली. मी ती केबल उपटली. दिवे शांत झाले. घोडे पडद्यावर आले!

तेवढ्यात दारातून आवाज आला, "काय व्हयनं?"

प्राचार्य दहा मिनिटं आधीच आले होते आणि माझा आरडाओरडा त्यांनी ऐकला होता. सगळं ठीक आहे म्हणायला मी तोंड उघडलं, पण मुलीने आधीच सांगायला सुरुवात केली होती. ठिबक, नळी, जोर, सगळं. प्राचार्यही शेतकऱ्याचेच. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आते परत जोडी दखाड."

तिने केबल जोडली. दिवे तडतडले, वीसही संगणक गार पडले. सोमवारचा भंगारवाला माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. मग तिने केबल काढली आणि सगळे पुन्हा जागे झाले.

"असं कसं?" प्राचार्यांनी विचारलं. "पाणीले ते चालस."

मी काही बोलणार, तोच ती माझ्याकडे वळली. घाबरलेली नव्हती आता, डोळे चमकत होते. "मॅडम, तुम्ही सांगेल ते चुकनं. पाणी जमीनमा जिरी जास. हाई डेटानं पाणी जिरतच नही. गोल फिरतंच ऱ्हास, आनी वाढतंच जास."

इतक्या वर्षांत मला न सुचलेलं वाक्य ती सहज बोलून गेली होती. आनंदाने मला रडूच यायचं बाकी होतं.

प्राचार्य उठले, शेवटच्या संगणकापाशी गेले आणि घोड्यांचं पान स्वतः उघडून पाहिलं. मग दारात थांबून म्हणाले, "वाचनकक्षासाठी दुसरी खोली बघतो." आणि मुलीला म्हणाले, "मॅडमले शिकाडत ऱ्हाय."

तेव्हापासून पहिल्या तासाला मी पाण्याचं नाव काढत नाही. पोरांच्या हातात एक जादा केबल देते आणि सांगते, जोडा, बघू काय होतं ते.