पहाटेच दमणारी गाडी

“काका, इंजिनात काय नाय. वहिनीच्या पायात हाय,” असं म्हणून संदीपनं गाडीची चावी माझ्या टेबलावर टाकली.

जानेवारीतला मंगळवार होता, दुपारची वेळ. शहापूरला मुरबाड रस्त्यावर माझं गॅरेज आहे. बाहेर उभी असलेली सात सीटर गाडी माझ्या ओळखीची होती. ती संगीताची. संगीता शेणव्याच्या अलीकडच्या गावातली. रोज सकाळी ती आटगाव स्टेशनला जाते, लोकलनं येणाऱ्या सहा शिक्षिकांना घेते आणि आश्रमशाळेत सोडते. शाळा सुटली की परत स्टेशन. हे काम तिनं स्वतः मिळवलं. लायसन्स आलं त्या आठवड्यात ती स्टेशनबाहेर उभी राहून बायकांना विचारत होती. नवरा भिवंडीला गोदामात, आठवड्यातून एकदा घरी. संदीप तिचा धाकटा दीर, आबा सासरे.

“सकाळी चढावर गाडी बंद पाडते,” संदीप सांगू लागला. “दोनदा बाया स्टेशनवर ताटकळल्या. मुख्याध्यापकांचा फोन आला आबांना. मी दुपारी चालवतो तवा मस्त पळते. सोमवारपासनं किन्हवलीचा एक ड्रायव्हर ठेवतोय. तुमी फक्त क्लच बघा, जाळलाय का काय तिनं.”

संगीता दारात उभी होती. “काका, मी बंद पाडत नाय,” ती म्हणाली. “ती बंद पडते.”

तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. पहाटेचा अंधार, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा आणि थरथरणारा आरपीएमचा काटा. काटा खाली आला आणि इंजिन बंद.

“व्हिडिओत पाय थोडाच दिसतो,” संदीप म्हणाला.

मी गाडी घेऊन एक चक्कर मारून आलो. पिकअप छान, उभ्या गाडीत आयडलिंग शांत, क्लच ठणठणीत. दिवाळीआधी याच गाडीची सर्व्हिस मी केली होती. तेव्हा इंजिनाच्या वरच्या भागातून, हेडमधून, टॅपेटची टिकटिक येत होती, ती मी घालवली होती. त्यामुळे इंजिनाबद्दल मला खात्री होती. मग माझ्याही तोंडून निघून गेलं, “संगीता, क्लच अर्धा दाबून, हाफ क्लचवर चढवतेस का गं?”

“नाय,” एवढंच बोलून तिनं तोंड फिरवलं.

तो प्रश्न मला पुढे चार दिवस टोचत राहिला.

स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायचं यंत्र. त्यात एक कोड सापडला: इनटेक कॅमशाफ्ट सांगितलेल्या जागी वेळेवर पोचत नाही. हे नीट समजायला इंजिन श्वास कसं घेतं ते सांगावं लागेल.

प्रत्येक सिलेंडरला वर छोटे दरवाजे असतात. त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. काही दरवाज्यांतून हवा-पेट्रोल आत येतं, काहींतून धूर बाहेर जातो. दरवाजे उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट; आत घेणाऱ्या दरवाज्यांचा तो इनटेक. त्याच्यावर एका बाजूला फुगलेले उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटा टॅपेटवर दाब देतो. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावरची उपडी वाटी. ती दबली की दरवाजा उघडतो, आणि उंचवटा पुढे सरकला की स्प्रिंग तो बंद करते. हा दांडा चेननं खालच्या, पिस्टन फिरवतात त्या क्रँकशाफ्टला बांधलेला असतो, म्हणून सगळं तालात चालतं.

जुन्या इंजिनात दरवाजे उघडायची वेळ ठरलेली असे. पण आपलं घर तरी रोज एकाच वेळी उठतं का? एरवी सहाला, लावणीच्या दिवसांत चारला. इंजिनाचंही तसंच. चढावर ओझं असलं की दरवाजे थोडे आधी उघडलेले बरे. उभ्या गाडीत घाई करून उपयोग नाही, उलट इंजिन थरथरतं. म्हणून नव्या इंजिनात कॅमशाफ्टच्या टोकाला एक खास गिअर बसवतात. त्याच्या पोटात कप्पे असतात. एका बाजूच्या कप्प्यात तेल शिरलं की कॅमशाफ्ट थोडा पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूला शिरलं की मागे येतो. यालाच व्हीव्हीटी म्हणतात. तेल कुठे सोडायचं ते एक छोटा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह ठरवतो, आम्ही त्याला ओसीव्ही म्हणतो. त्याच्या वाटेवर चहाच्या गाळणीपेक्षा बारीक जाळी असते.

मी ओसीव्ही काढला. जाळीवर थोडा काळा चिकटा होता. मला बरं वाटलं. चोर सापडला म्हणून जाळी साफ केली, कोड पुसला आणि गाडी परत दिली.

बुधवारी सकाळी सातला संगीताचा फोन आला. “काका, आजपण तसंच झालं.”

दुपारी गाडी परत आणवली. स्कॅनरवर सगळे आकडे चोख. कॉम्प्युटर मागेल तितका कॅमशाफ्ट सरकत होता. संदीप सोबत होता. “बघा,” तो म्हणाला, “गाडीला माणूस कळतो.”

आता मात्र मी हट्टाला पेटलो. एकतीस वर्षं इंजिनं उघडतोय. जे इंजिन दुपारी खरं बोलतं ते सकाळी खोटं का बोलेल? दुपारी गाडी आली तेव्हा ती तापलेली होती. थंड इंजिन मी पाहिलंच नव्हतं. ते रोज पाहणारं माणूस एकच होतं, आणि त्याचंच कोणी ऐकत नव्हतं.

गुरुवारी पहाटे साडेपाचला मी तिच्या अंगणात हजर झालो. थंडी चांगलीच होती. गाडीच्या काचेवर दव होतं. मी स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसलो आणि म्हणालो, “चालव. मी नाही असं समज.”

ती हसली. “तुमी हायत, कसं नाय समजू?”

घरापासून निघालं की दहा मिनिटांत चढ लागतो. चढाच्या डोक्यावर एक वळण आहे. मी आकड्यांकडे बघत होतो आणि, सांगायला लाज वाटते, तिच्या पायाकडेही. पाय बरोबर होता. आकडे बरोबर नव्हते. चढ सुरू झाल्यावर कॉम्प्युटरनं कॅमशाफ्टला वीस अंश पुढे सरकायला सांगितलं. तो चार अंश सरकला. गाडी दमल्यासारखी झाली. बऱ्याच वेळानं तो रखडत पंधरावर पोचला, तोवर वळण आलं. संगीतानं ॲक्सिलरेटर सोडला. कॉम्प्युटर म्हणाला, मागे ये. कॅमशाफ्ट पंधरावरच अडकून बसला. इंजिन थरथरलं आणि बंद पडलं.

तिनं हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रलला घेतली, पुन्हा चालू केली आणि चढावर उचलली. गाडी बोटभरसुद्धा मागे आली नाही. माझ्या हातून फूटभर आली असती.

“हे रोज करतेस?”

“थंडी पडल्यापासनं रोज. कधी एकदा, कधी तीनदा.”

वर सपाटीला गाडी थांबवायला सांगितली. बॉनेट उघडलं, टॉर्च लावला, डिपस्टिक ओढली. तिच्या टोकाला तेल लोंबत राहिलं, खाली पडेना. न्हाणीघरातल्या बाटलीत खोबरेल थंडीत आळायला लागतं, तशी त्याची गत होती. मी ते चिमटीत धरून बोटं फाकवली. लांब तार निघाली.

ती तार पाहिली आणि मी टॉर्च वर फिरवला. बॉनेटच्या आतल्या बाजूला सर्व्हिसचा स्टिकर होता. त्याच्यावर तेलाचा नंबर लिहिलेला. अक्षर माझं.

माझे उस्ताद भातगिरण्यांची डिझेल इंजिनं बांधायचे. तेल त्यांनी मला चिमटीत धरून ओळखायला शिकवलं. तार धरते ते तेल चांगलं, इंजिन वाजायला लागलं तर त्याहून जाड घाल, आवाज बसतो. गिरणीच्या इंजिनाला ते खरंच होतं. आमच्या भागात अजून पंप, टिलर, गिरणी सगळ्यांना तेच तेल जातं, आणि माझ्या गॅरेजात त्याचा ड्रम कायम असतो. दिवाळीआधी संगीताच्या इंजिनाची टिकटिक मी त्याच ड्रममधल्या तेलानं बसवली होती. गाडीच्या पुस्तिकेत पाण्यासारखं पातळ तेल लिहिलेलं मी वाचलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. तेलाचं काम घासणं कमी करायचं, तेल निवडताना एवढंच माझ्या डोक्यात होतं. या इंजिनात तेल हातासारखं कामही करतं, ते बारीक जाळीतून धावत जाऊन कॅमशाफ्ट ढकलतं, हे मला पाठ होतं. पण तेल ओतताना हात उस्तादांचं ऐकत होता. दिवाळीत उकाडा होता म्हणून खपून गेलं. थंडी आली तसं पहाटे ते तेल जागचं हलेना, आणि तापलं की पुन्हा पातळ. म्हणून दुपारी गाडी निर्दोष.

“संगीता,” मी म्हणालो, “तुझा दोष नाही. माझा आहे. तेल चुकीचं मी घातलं.”

तिनं डिपस्टिक माझ्या हातातून घेऊन जागेवर घातली. मग म्हणाली, “काका, मला सांगून काय उपयोग? घरी सांगा.”

तेल मी त्याच दिवशी बदलू शकलो असतो. नाही बदललं. नुसतं सांगितलं असतं तर संदीप म्हणाला असता, काका वहिनीची बाजू घेतात. संध्याकाळी त्याला फोन केला. “उद्या पहाटे गाडी तू चालव. बंद नाही पडली तर खुशाल ड्रायव्हर ठेव.”

“चालंल,” तो म्हणाला.

शुक्रवारी माझी गाडी संगीताला दिली, शिक्षिकांचा खोळंबा नको म्हणून. संदीप तिच्या गाडीत चाकावर, मी शेजारी, आणि मागे त्याचे वडील आबा, शाल गुंडाळून. घरचा शेवटचा शब्द आबांचा, म्हणून मी त्यांना मुद्दाम बसवलं होतं.

वळणावर गाडी बंद पडली. संदीप गडबडला. चालू केली, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळेला गाडी मागे घरंगळली आणि आबांनी पुढची सीट घट्ट धरली.

“पाय कुठं हाय रे तुजा?” आबा म्हणाले.

संदीपनं हँडब्रेक ओढला. मी दोघांना खाली उतरवलं, डिपस्टिक दाखवली, स्टिकर दाखवला आणि सगळं सांगितलं. चूक माझी, पोरीनं तीन आठवडे शिव्या खाल्ल्या माझ्या चुकीच्या, आणि मीही तिला हाफ क्लच विचारून त्यात भर घातली. पन्नाशी उलटल्यावर गिऱ्हाइकासमोर हे बोलणं सोपं नसतं.

आबांनी ते तेल बोटावर घेतलं. “घट्ट पेज हाय ही,” ते म्हणाले. “गाळणीतून जायची कशी?” मग संदीपकडे वळून म्हणाले, “त्या किन्हवलीच्या माणसाला फोन कर. येऊ नको म्हनावं.”

त्याच दिवशी जाड तेल काढलं, आतून फ्लश केलं, नवा फिल्टर आणि पुस्तिकेतलं पातळ तेल घातलं. शनिवारी पहाटे मी पुन्हा त्या चढावर होतो. वीस मागितले, वीस मिळाले. वळणावर कॅमशाफ्ट निमूट मागे आला. संगीता एकदाही न थांबता चढ चढून गेली.

पण दिवाळीआधीची टिकटिक परत आली होती. येणारच होती. मी ती दुरुस्त कुठे केली होती, नुसती जाड तेलाखाली दाबली होती. शाळा सुटल्यावर गाडी गॅरेजला घेतली आणि वरचं झाकण उघडलं. उंचवटा आणि टॅपेट यांच्यात केसाएवढी फट ठेवलेली असते, ती पत्र्याच्या पातळ पट्ट्यांनी मोजतात. सोळापैकी दोन टॅपेटची फट जास्त होती, दोन्ही धूर जाणाऱ्या बाजूचे. त्या फटीमुळे ते वाजत होते. तशा वाट्या वेगवेगळ्या जाडीत मिळतात. मोजमाप काढून त्याच संध्याकाळी कल्याणहून दोन मागवल्या, रात्री कॅमशाफ्ट उतरवून बसवल्या, चेनच्या खुणा दोनदा तपासल्या. गाडी चालू केली. पातळ तेलात, एकही टिक नाही.

रविवारी सकाळी मी गाडी पोचवायला गेलो. संगीतानं चावी घेतली आणि दारामागच्या खिळ्याला लावली. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात संदीप आतून इस्त्रीचा शर्ट घालून आला. खिळ्याकडे गेला, हात वर केला आणि थांबला.

“वहिनी,” तो म्हणाला, “मुरबाडला हळदीला जायचंय. चावी नेऊ का?”

“न्या,” ती म्हणाली. “आधी तेल बघा.”

तो गेला, बॉनेट उघडलं आणि डिपस्टिक ओढून बघितली. आबा चहा पिता पिता हसले.

माझ्या ड्रमवर आता पिवळ्या रंगात ‘फक्त पंप आणि गिरणी’ असं लिहिलंय. आणि कोणी तक्रार घेऊन आलं की मी आधी विचारतो, ही गाडी सकाळी पहिली कोण चालू करतं? त्या माणसाला सोबत आणलं नसेल, तर मी बॉनेट उघडत नाही.