सोळाच्या काट्याचा वास

माझ्या जुन्या जीपमध्ये व्होल्टचा काटा आहे. इंजिन बंद असताना तो बारा-साडेबारावर असायचा, चालू केलं की चौदाजवळ. त्या आठवड्यात तो सोळाला टेकायला लागला आणि मी खूश झालो. मला वाटलं, बॅटरीला ताकद आली. शाळेत गणित शिकवणारा माणूस मी! आकडा जास्त म्हणजे चांगला, एवढीच माझी अक्कल.

अक्काला घेऊन औरादहून दुबलगुंडीला निघालो होतो. तिची लेक बाळंत झाली होती. संतपूर मागे पडलं आणि गाडीत नासक्या अंड्यांचा वास सुटला. अक्काच्या मांडीवर फडक्यात बांधलेली उकडलेली अंडी होती, लेकीसाठी.

"अक्का, ते फेकून दे. नासलीत."

"न्हाई रे, सकाळीच उकडलीत. आपल्याच कोंबड्यांची हायत. कामून नासतील?"

"मग वास कशाचा यायलाय? मला ओकारी येईल आता."

तिनं एक अंडं सोलून माझ्यापुढं धरलं. मी मान फिरवली, गाडी थांबवली, फडकं तिच्या हातातून ओढलं आणि नाल्यात भिरकावलं.

वास गेला नाही. उलट वाढला. घशात चिकटून बसला, तोंडातली थुंकीसुद्धा गिळवेना. भालकीत एका बॅटरीवाल्याच्या दुकानापुढं गाडी उभी केली. त्यानं बॉनेट उघडलं आणि वासाचा लोटच अंगावर आला. बॅटरीच्या कडा फुगल्या होत्या. झाकणाभोवती हिरवट पांढरा, ओलसर थर साचला होता आणि खालच्या पत्र्याचा रंग ॲसिडनं फोडासारखा उठला होता. मी तोंडाला रुमाल लावला.

त्यानं इंजिन चालू ठेवून मीटर लावला. सोळाच्याही वर.

"मास्तर, काटा बघत नव्हता का?"

"बघत होतो. वर होता म्हणून बरं वाटलं."

"वर म्हणजे बरं न्हाई. चालू गाडीत चौदा, साडेचौदा, बस. पंधराच्या पुढं गेलं की बॅटरीतलं पाणी उकळतंय, नासक्या अंड्यावानी वास सुटतोय. व्होल्ट आवरून धरणारा तुमचा रेग्युलेटर गेलाय."

अक्का शेजारीच उभी होती. तिनं ऐकलं. माझ्याकडं मात्र पाहिलं नाही.

त्यानं रेग्युलेटर आणि बॅटरी बदलली. काटा चौदावर आला. दुबलगुंडीला पोचलो. माझ्या शर्टाला तो वास तसाच होता आणि मला माझीच किळस येत होती.

भाचीनं दारातच विचारलं, "आई, काय आणलीस गं?"

"गडबडीत राहिलं बघ," अक्का म्हणाली आणि बाळाला घ्यायला हात धुवायला गेली.

मी अंगणातच उभा राहिलो. आत जाऊन खरं सांगायला मला बराच वेळ लागला. सांगितलं तेव्हा भाची हसली. अक्का हसली नाही.