उघडी राहिलेली लिंक

सेटिंगबाई हे नाव त्यांना कुणी ठेवलं, ते आठवणारं आता नोकरीत कुणी उरलेलं नाही. रिलेत आकडे भरणाऱ्या वीजखात्यातल्या त्या पहिल्याच बाई. सुरुवातीला त्या नावात खवचटपणा होता, पुढे तो झिजला आणि नाव तेवढं राहिलं.

रिले म्हणजे विजेच्या वाटेवरचा पहारेकरी. तारेतून वाजवीपेक्षा जास्त करंट जायला लागला की तो ब्रेकरला हुकूम सोडतो आणि ब्रेकर ती लाइन तोडतो. किती करंटला जागं व्हायचं, किती वेळ थांबायचं, हे ठरवून भरणं हे बाईंचं काम. बिघाडाच्या सगळ्यांत जवळच्याने आधी तोडायचं. त्याच्या मागच्याने सेकंदाचा तिसरा हिस्सा वाट बघायची आणि तेवढ्यात काम झालं नाही तरच मध्ये पडायचं. "आमच्या घरात मात्र सगळे एकदमच भडकतात, तिथे कर की सेटिंग," असं नवरा म्हणायचा, आणि यावर सगळ्यांत मोठ्याने सासूबाई हसायच्या.

रिले तपासताना खरी लाइन तुटू नये म्हणून पॅनलमागची एक पितळी पट्टी सोडवून ठेवावी लागते. तिला लिंक म्हणतात. हुकूम तिच्यातूनच ब्रेकरकडे जातो, त्यामुळे काम संपलं की ती आठवणीने लावायची. बाईंची त्यासाठी स्वतःची पद्धत होती. लिंक सोडवली की मनगटावरचं घड्याळ काढून पॅनलच्या मुठीला अडकवायचं, आणि लिंक लावल्याशिवाय हातात घालायचं नाही. तीस वर्षांत ही पद्धत एकदाही चुकली नव्हती.

त्या मंगळवारी घड्याळ दुरुस्तीला दिलेलं होतं. तपासणी संपत आली आणि सासूबाईंचा फोन आला. चष्मा सापडत नव्हता. बाईंनी त्यांना फोनवरूनच कपाटापासून फ्रिजपर्यंत घरभर फिरवलं. चष्मा शेवटी त्यांच्या डोक्यावरच निघाला. हसतहसत बाईंनी पॅनलचं दार लावलं, सही केली आणि निघाल्या.

सहा दिवसांनी, सोमवारी सकाळी त्याच रिलेच्या लाइनवर झाडाची फांदी पडली. रिले बरोबर वेळेला जागा झाला, त्याने हुकूम सोडला, आणि तो उघड्या लिंकपाशी संपला. मागच्या रिलेने ठरलेली वाट बघितली आणि सगळं सबस्टेशनच बंद पाडलं. निम्मं शहर पावणेदोन तास विजेविना बसलं. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब.

बाई पोचल्या तेव्हा सबस्टेशनच्या ऑपरेटरने त्यांना बाजूला घेतलं. त्याला सगळे मामा म्हणत.

"तुमची लिंक उघडी होती," मामा हळूच म्हणाले. "मी लावून टाकली."

बाईंनी मागे वळून बघितलं. "कुणी बघितलं?"

"कुणी नाही. रिलेने हुकूम दिल्याची नोंद आहे. ब्रेकर हलला नाही, तोच अडकला असं धरतील. तीस वर्षांत एक चूक झाली, आता स्वतःहून कशाला मान पुढे करायची?"

आणि बाई गप्प बसल्या. यात सारवासारव करण्यासारखं काही नाही, गप्पच बसल्या. साहेबांनी तर सगळ्यांदेखत कौतुक केलं, की मागच्या रिलेची सेटिंग चोख होती म्हणून ट्रान्स्फॉर्मर वाचला. बाईंनी मान हलवून ते घेतलंसुद्धा. त्या रात्री ताट तसंच बाजूला सारलं आणि पित्त झालंय म्हणाल्या.

ब्रेकरची देखभाल ज्या मेकॅनिककडे होती तो बावीस वर्षं त्यांच्याबरोबर काम करत होता. त्यांना ताई म्हणायचा. ब्रेकर का अडकला ते शुक्रवारपर्यंत लेखी द्यायचं, असं त्याला सांगितलं होतं, आणि त्यानंतर त्याचं निलंबन होणार हे शिपायालाही माहीत होतं.

गुरुवारी दुपारी बाई वर्कशॉपमध्ये गेल्या. तो जमिनीवर बसला होता. समोर चादरीवर ब्रेकरचे सुटे भाग मांडलेले.

"सापडलं, ताई!" त्याचा चेहरा जवळजवळ आनंदी होता. "ह्या खिट्टीवरचं ग्रीस सुकलंय. बघा."

बाईंनी बोट लावलं. बोट ओलं झालं. "हे तर चांगलं आहे."

"नाही हो, सुकलंय. नसेल, तर मग काय झालं? खोलायच्या आधी ब्रेकर चाळीस वेळा चालवून बघितला, एकदाही अडकला नाही. म्हणजे चूक माझीच आहे, फक्त मला दिसत नाहीये. बायकोला म्हटलं, माझे हात गेले आता. ग्रीसचंच लिहून देतो." कागद लिहून तयार होता. सही तेवढी राहिली होती.

"सही करू नका," बाई म्हणाल्या. "तपासणीनंतर मी लिंक लावायला विसरले. हुकूम तुमच्या ब्रेकरपर्यंत पोचलाच नाही."

त्याने कागद बाजूला सारला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी."

"सोमवारी दुपारी आपण एकत्र जेवलो," तो म्हणाला. "मी तुम्हाला विचारलं होतं, ताई, माझं काय चुकलं असेल."

"हो."

"तुम्ही म्हणालात, सापडेल."

बाईंना रडू फुटलं. त्याने समजूत घातली नाही, घालायचं कारणही नव्हतं. त्या खाली बसून सुटे भाग गोळा करायला लागल्या, तसा त्याने हात आडवा धरला.

"ते राहू द्या. माझं मी जोडतो," तो म्हणाला. "तुम्ही आधी वर जाऊन सांगा."

बाई उठल्या आणि जिना चढून साहेबांच्या खोलीकडे गेल्या. खाली त्याने खिट्टी पुसली आणि पहिल्याच प्रयत्नात जागच्या जागी बसवली.